उन्हात पुढचा डिस्क ब्रेक धरतो, सावलीत सुटतो

नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी गाडी एकदम मोकळी असते. दुपारी चार-सहा सिग्नल झाले की पुढचा ब्रेक हळूहळू धरायला लागतो. लिव्हरची ढील संपते, बोट ठेवलं की लगेच कडक लागतं. गाडी जड वाटते, थ्रॉटल जास्त पिळावा लागतो. बाजूला घेऊन खाली वाकलं की पॅड जळाल्याचा वास येतो. कडुनिंबाखाली अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नव्हतं.

मग ही गाडी संध्याकाळी मिस्त्रीकडे जाते. तो डबल स्टँडवर घेतो, पुढचं चाक उचलून फिरवतो आणि म्हणतो, "फिरून तर राहिलं ना भाऊ मस्त!" त्याचंही चूक नाही, त्याच्यासमोर चाक खरंच फिरत असतं. तरी गिऱ्हाईक आलंय म्हणून पॅड काचकागदावर घासले जातात, कॅलिपर (चाकाशी डिस्कवर पॅड दाबणारा भाग) धुतला जातो, ऑइल बदललं जातं. मधे दोन दिवस आभाळ येऊन गेलं तर गाडी बरीही चालते. पारा पुन्हा ४४-४५ वर गेला की तीच बोंब.

कंपनीतूनच डिस्क आलेल्या गाड्यांनाही हे होतं. पण मूळच्या ड्रमवाल्या गाडीवर नंतर डिस्क चढवली असेल, म्हणजे जुनी बुलेट, आरएक्स १००, पहिल्या काळातली स्प्लेंडर अशा गाड्या, तर हे दुखणं जास्त दिसतं. कारण साधं आहे. शॉकअप एका गाडीचा, कॅलिपर दुसऱ्या गाडीचा आणि हँडलवरचा मास्टर सिलिंडर (लिव्हरचा जोर ऑइलवर देणारा भाग) भंगारवाल्याच्या पोत्यातून आलेला. तो मास्टर तिथे किती महिने अर्धवट ऑइलसकट पडून होता, ते कोणालाच ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच की ब्रेक चाकाशी धरत असला तरी बिघाड बहुतेक वेळा वर हँडलवर असतो. सगळे मात्र कॅलिपर खोलून बसतात, कारण धूर तिथून निघतो.

लिव्हर कडक की मऊ, हे आधी ठरवा

उन्हाळ्यात ब्रेकच्या दोन तक्रारी येतात आणि लोक त्या एकातच गुंडाळतात. लिव्हर कडक होऊन ब्रेक धरत असेल तर पाइपात दाब अडकलाय किंवा चाकाशी काहीतरी जाम आहे. लिव्हर मऊ होऊन हँडलपर्यंत जात असेल तर ऑइलमध्ये हवा किंवा पाण्याची वाफ आहे. दोन्हींचा इलाज वेगळा. मऊ लिव्हरवाल्यांनी सरळ खाली ऑइलच्या भागाकडे जावं, इथला पुढचा मजकूर कडक लिव्हरवाल्यांसाठी आहे.

अजून एक खूण बघा. लिव्हर सोडलेला असताना मागचा लाल दिवा पेटून राहतो का? बहुतेक जुन्या गाड्यांवर पुढच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, तो लिव्हर हलला की चालतो. दिवा पेटून राहत असेल तर लिव्हर किंवा आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाहीये. दिवा विझलेला आणि तरी ब्रेक धरलेला, तर लिव्हर मोकळा आहे आणि दाब आत कोंडलाय. ही खूण फुकट मिळते, तरी कोणी बघत नाही. (काही मास्टरवर दिव्याचा स्विच पाइपाच्या बोल्टमध्येच असतो आणि दाबावर चालतो. तिथे दोन्ही वेळा दिवा पेटेल, त्यावरून काही ठरवू नका.)

उन्हाशी याचा संबंध काय

मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण काढून तळ बघितला तर तिथे दोन भोकं असतात. एक चांगलं मोठं, दुसरं सुईच्या टोकाएवढं. मोठ्या भोकातून पिस्टनच्या मागच्या जागेत ऑइल भरलेलं राहतं. बारीक भोक पिस्टनच्या पुढच्या रबरी कपाच्या अगदी ओठाशी उघडतं. लिव्हर दाबला की कप त्या भोकाच्या पुढे सरकतो, वाट बंद होते आणि तिथून पुढे दाब तयार होतो. लिव्हर सोडला की कप मागे येतो, भोक पुन्हा उघडं पडतं आणि खालचं ऑइल डबीला जोडलं जातं.

ही जोडणी महत्त्वाची. ब्रेक मारल्यावर पॅड तापतात, त्यांच्यामागे कॅलिपर तापतो, आतलं ऑइल तापून फुगतं. फुगलेल्या ऑइलला जायला जागा लागते आणि ती जागा म्हणजे तेच बारीक भोक. ते बुजलं असेल, किंवा कप पूर्ण मागे न आल्याने झाकलेलं राहिलं असेल, तर ऑइल पिस्टनलाच बाहेर ढकलतं. पॅड डिस्कला टेकतात, टेकले की अजून तापतात, अजून फुगतं, अजून आवळतं. डिस्क निळसर पडेपर्यंत हे चालू राहतं. थंड झाल्यावर ऑइल आकसतं आणि ब्रेक आपोआप सुटतो, म्हणून संध्याकाळी चाक मस्त फिरतं.

पुण्या-नाशकाकडे हाच मास्टर वर्षभर कुरकुर न करता चालेलही. आपल्याकडे नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते. एवढ्या टोकाला पारा रोज जात नसला तरी मेमध्ये सीताबर्डीच्या पार्किंगमध्ये दोन तास उभी असलेली काळी डबी आणि काळा पाइप हाताला चटका देतात. भोक पक्कं बुजलेलं असेल तर तेवढ्यानेही लिव्हर कडक होतो, गाडी जागची हललेली नसताना.

धरलेली असतानाच पकडा

तपासणी थंड गाडीवर केली तर काहीही सापडणार नाही. दुपारी गाडी काढा, चार-दोन सिग्नलांतून फिरवा, ब्रेक धरू द्या आणि मग सावलीत घेऊन लगेच हात घाला. सोबत ८ नंबरचा रिंग पाना (काही कॅलिपरच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, १० नंबर लागतो), पाइप मास्टरला जोडणाऱ्या बंजो बोल्टला बसणारा पाना, स्क्रू ड्रायव्हर, जुनं सुती कापड आणि पाण्याची मोठी बाटली. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर पडलं तर रंग सोलतो, लगेच भरपूर पाणी ओतलं तर निघून जातं. टाकीवर आधीच ओलं पोतं टाकलेलं उत्तम. डिस्क आणि कॅलिपरला हात लावू नका, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी तर अजिबात ओतू नका, ती वाकडी व्हायला तेवढं पुरतं.

तपासणीचा क्रम बदलू नका, वरून खाली या.

सगळ्यात आधी डबीचं झाकण उघडा. ऑइल काठोकाठ असेल तर आधी तोच आरोपी. आपल्याकडे डबी गळ्यापर्यंत भरायची सवय आहे, गिऱ्हाइकालाही भरलेली डबी बघून बरं वाटतं. पण वरच्या खुणेवरची मोकळी जागा ऑइल फुगायलाच ठेवलेली असते. झिजलेल्या पॅडवर डबी भरली आणि नंतर नवे पॅड टाकताना पिस्टन आत ढकलले, तर तेवढं ऑइल वर येऊन ती जागा संपते. झाकण काढताच ब्रेक सुटला तर ऑइल खुणेपर्यंत खाली आणा, झाकणातली हवेची खाच साफ करा आणि घरी जा.

नाही सुटला तर लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला करा. आता चाक सुटलं तर लिव्हर पिस्टनला दाबून ठेवत होता. बाजारातले रंगीत आखूड लिव्हर इथे फार त्रास देतात. त्यांचा पिस्टनला टेकणारा भाग केसभर जास्त पुढे असतो, आणि तेवढंच अंतर कपाला भोकावर नेऊन ठेवायला पुरतं. मूळ लिव्हर लावा, बुशमध्ये ग्रीस द्या आणि लिव्हरच्या टोकाशी थोडी ढील राहते का ते बघा.

तरीही धरलेलंच आहे? मास्टरवरचा बंजो बोल्ट कापडात गुंडाळून पाव आटा ढिला करा. ऑइलची पिचकारी उडते, चेहरा लांब ठेवा. इथे चाक सुटलं तर दाब मास्टरच्या आत अडकला होता.

नाही सुटलं तर बोल्ट आवळून खाली कॅलिपरचं निपल उघडा. निपल उघडताच सुटलं तर पाइप आतून बंद झालाय. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर फुगून किंवा सुटून झडपेसारखं काम करतो: हाताच्या जोराने ऑइल खाली जातं, परत येताना अडतं. अशा पाइपाला दुसरा इलाज नाही, नवा घाला. आणि घालताना लांबी बघा. दुसऱ्या गाडीचा पाइप आखूड पडला तर हँडल पूर्ण वळवल्यावर ताणला जातो.

निपल उघडूनही चाक जाम, तर ऑइलचा संबंधच नाही. मग पिन, पिस्टन, बेअरिंग, त्याकडे नंतर येतो.

बंजो किंवा निपल उघडलंत म्हणजे थोडी हवा आत जाणार आणि ब्रेकमधून हवा काढावीच लागणार. बंजोचे तांब्याचे वॉशर जुनेच लावू नका. रस्त्यातच गाडी धरली आणि दुरुस्तीची सोय नसेल तर निपल क्षणभर उघडून चार थेंब जाऊ द्यायचे आणि ऑइल येत असतानाच बंद करायचं. ब्रेक शाबूत राहतो, चाक सुटतं, तेवढ्यावर हळूहळू घरी पोचता येतं. म्हणून उन्हाळ्यात ८ नंबरचा पाना टूलकिटमध्ये असू द्या.

भोक

आमच्या चुलतभावाची बुलेट मूळची ड्रमवाली, एमएच ३१ पासिंग. डिस्क त्याने कुठून तरी बसवून घेतली होती. तो महालातून बुटीबोरीला कामाला जातो. मेडिकल चौक, अजनी, छत्रपती चौक इथपर्यंत सगळे सिग्नल, म्हणजे ब्रेक चांगला तापतो. चिंचभवनच्या पुढे रस्ता मोकळा मिळायला लागला की गाडी ओढायचं नाव घेत नसे. त्याला वाटायचं इंजिन बसलं. "दादा, बोअर करावा लागते काय?" म्हणून विचारत आला होता. बंजो ढिला केल्याबरोबर पुढचं चाक खळकन सुटलं.

डबीतलं ऑइल सिरिंजने ओढून घेतलं, तळ सुती कापडाने पुसला. मोठं भोक दिसलं. बारीक भोक कुठे आहे तेच आधी कळेना. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरल्यावर मोठ्या भोकाच्या पलीकडे मोहरीच्या दाण्याएवढा पांढरट-तपकिरी ठिपका दिसला, नखाला चिकट. ते भोकच होतं, वरून खपली धरलेलं. जुनं ऑइल ओल खातं, आतला ॲल्युमिनियम गंजतो, रबराची भुकटी त्यात मिसळते, आणि डबी महिनोन्‌महिने कोरडी पडली की हा सगळा साका तळाशी वाळतो.

हे भोक मोकळं करायला टाचणी, सुई, ड्रिलची बारीक बिट यातलं काहीही घालू नका. भोक मोठं झालं किंवा आतल्या बाजूला त्याची कड उचलली गेली तर तिथून दर वेळी रबरी कप घासला जाणार आणि फाटणार. घरातल्या वायरीतली तांब्याची एक तार घ्या, एकच. गिटारची सगळ्यात पातळ तारही चालते. वरून ताजं ब्रेक ऑइल टाकून खपली आधी भिजू द्या, मग तार सरळ धरून अलगद फिरवा. तार आत गेल्याचं बोटाला कळतं. मग सिरिंजने ऑइल बाहेर ओढा, पुन्हा ताजं घाला, पुन्हा ओढा.

आता खात्री करायची. डबीत खुणेपर्यंत ऑइल घाला, झाकण उघडंच ठेवा आणि लिव्हर अगदी हळू, जेमतेम हलेल इतकाच दाबा. बारीक भोकाच्या जागी ऑइलवर छोटीशी उसळी दिसली पाहिजे. (जोरात दाबलात तर पिचकारी थेट डोळ्यात येते.) उसळी दिसली म्हणजे वाट मोकळी आणि कपही जागेवर. नवीन मास्टर विकत घेतानाही ही परीक्षा विसरू नका. दुकानदाराने काउंटरवर लिव्हर खटखट करून दाखवला, त्यात काही अर्थ नसतो.

भोक साफ, तरी उसळी नाही? मग कप पुढेच अडकलाय. लिव्हर काढून पुन्हा बघा. लिव्हर नसतानाही तेच, तर मास्टर किट टाकावी लागेल: आतला सर्क्लिप (पिस्टन अडवणारी कडी) काढायला लांब तोंडाचा प्लायर लागतो, आणि पिस्टन, स्प्रिंग, दोन्ही रबर ज्या क्रमाने निघतील त्याचा फोटो काढून ठेवा. कपांचे ओठ पुढे, म्हणजे पाइपाच्या दिशेने. बसवताना रबर ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा, ग्रीस लावू नका. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर खड्डे किंवा ओरखडे नखाला लागत असतील तर किट वाया जाईल, मास्टरच बदला. काचकागद मारून गुळगुळीत करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना नको म्हणा, वरचा कडक थर एकदा निघाला की भिंत झरझर झिजते.

झाकणाखालचं रबर या सगळ्यात न बोलता साक्ष देतं. ते लाटा आल्यासारखं वेडंवाकडं झालं असेल आणि परत खाचेत बसतच नसेल तर डबीत कधीतरी इंजिन ऑइल, डिझेल किंवा पेट्रोल गेलंय. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं. फुगलेला कप भोक झाकून बसतो आणि तुम्ही कितीही तार फिरवा, फरक पडणार नाही. मग मास्टर किट, पाइप, कॅलिपरची रबरं, सगळंच बदलायचं, कारण तेल सगळीकडे पोचलेलं असतं. ब्रेकचे भाग पेट्रोलने धुण्याची सवय जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. तिथे उभं राहून नको म्हणायला लाजू नका.

चाकाशी असेल तर

कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटाचं रबर दाबाने थोडं पिळतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. त्या रबरामागच्या खाचेत पांढरी भुकटी साचली की रबर घट्ट बसतं, पिळायला जागाच उरत नाही. पिस्टन काढून खाच लाकडी काडीने साफ करायची. लोखंडी टोच्याने ओरखडा पडतो.

सरकत्या कॅलिपरच्या दोन पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. नसतील तर एकाच बाजूचा पॅड झिजतो. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबरी बुश फुगवतं आणि दोन महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट होते.

नंतर बसवलेल्या डिस्कमध्ये आणखी एक जागा बघायची, आणि ती ब्रेकमध्ये नाहीच. हबमधल्या दोन बेअरिंगच्या मधे एक नळी असते. दुसऱ्या गाडीचं चाक बसवताना ती हरवली किंवा लेथवाल्याने आखूड कापली, तर ॲक्सलचा नट आवळला की बेअरिंगं आतल्या बाजूला दाबली जातात आणि चाक जड फिरतं. कॅलिपर खोलून बाजूला टांगा, नट ढिला ठेवून चाक फिरवा, मग आवळून फिरवा. फरक पडला तर गोष्ट बेअरिंगची आहे. कॅलिपर धरणारी पट्टी मिलिमीटरभर इकडेतिकडे असली तरी डिस्क पॅडच्या मधोमध येत नाही. तिथे वॉशर घालून जुळवायचं, बोल्ट आवळून पट्टी वाकवायची नाही.

डिस्क वाकडी आहे का ते बघायला शॉकअपला एक ताठ तार बांधून तिचं टोक डिस्कजवळ आणा आणि चाक फिरवा. अंतर डोळ्याला कमी-जास्त दिसलं तर डिस्क वाकडी आहे, बदला.

मास्टर कोणता

हे धरण्याशी थेट जोडलेलं नाही, पण "डिस्क बसवली तरी ब्रेक लागत नाही" ही दुसरी कायमची रड इथूनच येते. मास्टरच्या अंगावर बहुधा आकडा ओतलेला असतो: इंचात १/२, ५/८, किंवा मिलिमीटरमध्ये ११, १३, १४. तो आतल्या पिस्टनचा व्यास. व्यास वाढला की लिव्हर कमी जातो पण जोर जास्त लागतो. ११ चा काढून १३ चा लावला तर तेवढाच ब्रेक लागायला सुमारे ४० टक्के जास्त जोर द्यावा लागेल. अर्ध्या इंचाऐवजी ५/८ चा लावला तर ५६ टक्के. मोठा मास्टर म्हणजे मोठा ब्रेक, हा समज लोकांच्या डोक्यातून निघत नाही. कॅलिपर ज्या गाडीचा, मास्टर त्याच गाडीचा घ्या, हिशेबच करावा लागत नाही. आरटीओत नूतनीकरणाला गाडी नेतानाही सोपं जातं. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, तेव्हा शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या आवृत्तीचे भाग घ्या आणि आधी आरटीओत विचारून घ्या.

ऑइल आणि हवा

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तो ब्रेक ऑइलचा प्रकार. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. ओल खाल्ल्यावर, म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर, हीच हद्द १४० आणि १५५ वर येते. तापलेल्या कॅलिपरला तेवढं गाठणं अवघड नाही, मग ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. आपल्याकडे पावसाळ्यात ओल मुरते आणि उन्हाळ्यात तिची परीक्षा होते. दोन वर्षांत ऑइल बदला, आणि बदलाल ते मार्च-एप्रिलमध्ये बदला. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र चालतं, नावं सारखी दिसतात म्हणून बाटली नीट वाचा.

हवा काढताना खालून निपलमधून कितीही पंप केलं तरी लिव्हर मऊ राहिला, तर बुडबुडा बहुधा वर बंजोपाशी अडकलाय, कारण पाइपातली सगळ्यात उंच जागा तीच. हँडल असं वळवा की मास्टर सगळ्यात वर येईल, झाकण उघडून लिव्हर हलका-हलका हलवत राहा, पाइपावर पान्याच्या मुठीने टकटक करा. बारीक बुडबुडे त्याच भोकातून वर येताना दिसतील. रात्रभर लिव्हर दोरीने बांधून ठेवायचा उपायही चालतो, सकाळी सोडल्यावर दोन-चार बुडबुडे वर येतात.

सगळं झाल्यावर पुन्हा दुपारीच गाडी काढा. व्हरायटी चौकासारख्या गर्दीत नको, अंबाझरी-फुटाळ्याकडे मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा चांगला ब्रेक मारा, परत येऊन लगेच पुढचं चाक उचला आणि हाताने फिरवा. पॅडची किंचित घासण ऐकू येईल, ती राहू द्या. ढकलल्यावर चाक एक-दोन फेऱ्या घेत असेल आणि लिव्हरची ढील सकाळइतकीच असेल तर काम झालं.

अजून ड्रमच असेल तर

डिस्क घ्यायच्या आधी एक दिवस ड्रमला द्या. जुन्या ड्रमचा ब्रेक लागत नाही तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: ड्रम गोल राहिलेला नसतो, नवीन शू ड्रमला फक्त मधे किंवा टोकाला टेकतो, आणि केबल आतून सुकलेली असते. ड्रम लेथवर जेमतेम गोल होईल इतकाच काढून घ्या (हबवर लिहिलेल्या कमाल मापाच्या पुढे नाही), शूवर खडू घासून कुठे टेकतो ते बघा आणि उंच भाग घासा. काचकागद मारताना तोंडाला फडकं बांधा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि ब्रेक लागलेला असताना हबवरचा आर्म केबलशी काटकोनात येतो का ते पाहा. आर्म त्याच्या फार पुढे गेलेला असेल तर जोर वाया जातो. आर्म काढून खाचेवर एक दात मागे बसवला की तोच ड्रम वेगळा वागतो, आणि हे काम १० नंबरच्या पान्याने दहा मिनिटांत होतं.